आबांना विचारून बांधलेलं जहाज

लातूरला समुद्र नाही, ही गोष्ट आनंदराज सोनकांबळे यांना कुणी सांगितली नव्हती असं नाही. धाकटा भाऊ सुगत तर खास नांदेडहून फोन करून म्हणाला होता, "दादा, ज्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं, तिथं जहाजाचा क्लास?"

त्यावर आनंदराज शांतपणे म्हणाले होते, "समुद्र प्रॅक्टिकलला असतो. आपण थिअरी शिकवतो."

असं म्हणून त्यांनी तीस वर्षं चाललेला केमिस्ट्रीचा क्लास हाताखालच्या एका सरांच्या गळ्यात घातला आणि औसा रोडच्या तीनमजली इमारतीवर नवा फलक चढवला: कॅप्टन रामकिशन सोनकांबळे मर्चंट नेव्ही अकॅडमी. फलकावर वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोटो होता. चेहरा आबांच्या आधार कार्डावरचा होता, त्यामुळे त्यावर गुन्हा कबूल केल्याचे भाव होते. धड कुठल्याशा परदेशी कप्तानाचं होतं. पांढरा गणवेश, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या आणि बाहीतून बाहेर आलेले गोरेपान हात. आबांनी फलक पाहिला, स्वतःचे हात पाहिले आणि पानाचा डबा उघडला.

उद्‌घाटनाचा रविवार उजाडला तेव्हा सगळं घराणं गच्चीवर गोळा झालं होतं. बिलोलीहून आबा आणि आई सुमनबाई तर दोन महिन्यांपासून इथंच मुक्कामाला होते. नांदेडहून सुगत आला होता, आणि त्याच्यासोबत त्याची मुलगी ज्योत्स्ना. तिच्याकडे सूत्रसंचालन होतं. घरात कुणाला मराठी नीट बोलता येतं असा संशय आला, की त्याला सूत्रसंचालन देण्याची सोनकांबळ्यांची जुनी पद्धत होती.

मंचाच्या मागे हिरव्या जाळीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलं होतं. ते जहाज. म्हणजे पाण्याची टाकी, पण जहाजाच्या आकाराची. आबांनी ज्या आगबोटीवर नऊ वर्षं काम केलं, त्या 'रत्नप्रभा'ची हुबेहूब प्रतिकृती, असं पत्रिकेत छापलेलं होतं. पत्रिकेत छापण्यापलीकडे आनंदराजांनी ती पाहिलेली नव्हती. बांधकाम सुरू झालं त्याच आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि गच्चीला बेचाळीस पायऱ्या. आजसुद्धा चार पोरांनी त्यांना खुर्चीसकट वर आणलं होतं. वरात निघाल्यासारखे ते डावीउजवीकडे नमस्कार करत आले.

टाकी बांधणारा गवंडी मडिवाळप्पा निलंग्याकडचा. त्यानं आजवर विमानाच्या, फुटबॉलच्या आणि एका सरपंचाच्या हट्टापायी ट्रॅक्टरच्या आकाराच्या टाक्या बांधलेल्या. तो कामाच्या पहिल्या दिवशी आनंदराजांच्या पलंगाशी येऊन म्हणाला होता, "साहेब, जहाज कसं असतंय? मी बघितलो नाही."

"आबांना विचार," आनंदराज पाय उशीवर ठेवून म्हणाले होते. "ते नऊ वर्षं होते जहाजावर. ते सांगतील तसंच बांध. एक वीट इकडची तिकडं करू नको."

मडिवाळप्पानं केली नाही.

*

अकरा वाजत आले होते. कार्यक्रमाचे अध्यक्ष, वॉर्डाचे पुढारी वीरभद्रअप्पा फोनवर "निघालोच" म्हणत होते, म्हणजे अंघोळीला. ज्योत्स्नाच्या हातात मोठ्या पप्पांनी टाइप करून दिलेली चार पानं होती. आनंदराजांना ती मोठे पप्पा म्हणायची. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती त्यांच्याच घरात राहून शिकली होती. स्वतःच्या मुलाला जेवढं ओरडायचे तेवढंच ते तिला ओरडले, यात तिला त्यांचा मोठेपणा दिसायचा. चार पानांत 'कॅप्टन' हा शब्द एकवीस वेळा होता. तिनं मोजला होता, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

जाळीच्या कडेला मडिवाळप्पा उभा होता. तोंड पाहून वाटावं, पाहुणा येण्याआधी ह्याला गाव सोडायचंय.

"ताई, एकदा आत बघून घ्या," तो हळू म्हणाला. "मी बांधलो बराबर. पण मला एक डौट हाय."

"काय?"

"जहाजाला टोक असतंय का?"

ज्योत्स्ना जाळीखाली वाकून आत गेली.

समोर विटांची लालजर्द भिंत होती. भिंतीत ओळीनं तीन गोल तोंडं, प्रत्येकाला लोखंडी झडप. वर छताला जाऊन भिडणारा जाडजूड पाइप. डाव्या-उजव्या हाताला दोन उंच कोठ्या, आणि त्यांना माणूस दुमडून जाईल एवढालं दार. खाली लोखंडी पत्रे अंथरलेले. टोक नव्हतं. डेक नव्हता. शिडं नव्हती, सुकाणू नव्हतं, झेंड्याला काठी नव्हती. आणि उजव्या कोठीच्या दारात, उलट्या घमेल्यावर, नव्या पांढऱ्या धोतरात शहाऐंशी वर्षांचे आबा बसले होते.

"आबा, जहाज कुठंय?"

"हे काय."

"हे आतलं झालं. बाहेरचं?"

"बाहेरचं म्या नीट बघितलं न्हाई," आबा म्हणाले. "चढताना शिडी बघत व्हतो, उतरताना जमीन."

"अन् कप्तान जिथं बसतो ते?"

"ते वर व्हतं. आमी खाली." आबांनी पत्र्यावर चप्पल आपटून पाहिली. आवाज पसंत पडला असावा. "ह्यो गवंडी म्हणत व्हता, वर कायतरी बांधू का, सुकाणू-बिकाणू. म्या म्हणलं, जे बघितलं न्हाई त्याचं माप कसं देऊ बाबा? हे माप मला ठावं हाय. ह्या कोठीतून त्या भट्टीपोत्तर बावीस पावलं. कोळशाचा गाडा भरून. ते बी जमीन हलत असताना."

"मग पाणी कुठं साठणार?"

"डाव्या कोठीत. उजवी रिकामी ठिवलीय. फेरी संपत आली की एक कोठी रिकामीच व्हायची."

ज्योत्स्नाला हसू आलं, ते तिनं जाळीच्या फटीतून बघत आवरलं. बाहेर दोनशे खुर्च्या होत्या. औसा, अर्धापूर, उदगीर, कुठून कुठून आईबाप पोरं घेऊन आले होते.

आबा मात्र रंगात आले होते. "लढाईत बांधलेली बोट ती. घाईघाईत. दोन-तीन फेऱ्या मारल्या अन् बुडाली तरी चालंल, अशी. पण लढाई सरली हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. पंचवीस वर्षं चालली बिचारी. कलकत्त्याहून कोळसा आणायचा, गुजरातेतून मीठ न्यायचं. म्हंजे बघ, पोटात कोळसा, अन् तो न्यायला जाळायचा बी कोळसाच. चाल कशी? एखाद्यानं सायकल जोरात हाणली तर बोटीच्या म्होरं जाईल."

मग त्यांनी धोतराच्या कनवटीतून एक जुनी वही काढली. कापडी पुठ्ठा, कडा कुरतडलेल्या. नल्ली. खलाशाची सरकारी वही, प्रत्येक फेरीनंतर तीत शिक्का आणि सही व्हायची.

"पोरी, माझी दोन मिनटं हायत म्हणं आज. त्यात तू बोलणार. येवढंच कर, माझं काम बराबर सांग."

"मोठ्या पप्पांना तुम्हीच का नाही सांगत?"

"सांगायचं व्हतं तवा सांगितलं न्हाई." आबा खाली बघत म्हणाले. "त्यो दुसरीत असताना बाप कप्तान हाय म्हणून शाळेत सांगून आला. दुसऱ्या रोजी मास्तरनं मला रस्त्यात नमस्कार घातला. मला बी जरा बरं वाटलं. पन्नास वर्षं झाली त्याला. आता मी मेल्यावर बी त्यो फलक ऱ्हाणार, अन् खाली त्या गोऱ्याचे हात. मग म्या नऊ वर्षं काय केलं?"

*

ज्योत्स्ना बाहेर आली ती थेट वडिलांकडे.

सुगत पाहुण्यांच्या रांगेत बसून दुसऱ्यांदा चहा घेत होता. तिनं कानात सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं त्याच्या मुलीनं विद्यापीठात पहिला नंबर काढलाय.

"कुणाला बोलू नको," तो म्हणाला. "जाळी पडू दे."

"पप्पा, मोठ्या पप्पांची इज्जत जाईल."

"अगं, आमची लहानपणापासून जाऊन राहिली. शाळेत ह्यानं कप्तान सांगितलं अन् दोन वर्षांनी मी गेलो. मास्तर म्हणले, कप्तानाचा पोरगा ना तू, सांग हिंदी महासागराची खोली किती. मला काय माहीत? छड्या मी खाल्ल्या."

शेजारी बसलेल्या सुमनबाईंनी सगळं ऐकलं होतं. ऐंशी वर्षांच्या या बाईला मोठ्यानं सांगितलेलं ऐकू यायचं नाही, कानात सांगितलेलं यायचं.

"ज्योत्स्ने," त्या म्हणाल्या, "मला कोळशात ओढू नको बाई. बिलोलीच्या बाजारात कप्तानीणबाई म्हणत्यात मला. भाजीवाली टमाटे तोलून झाल्यावर वर एक टाकती. या वयात माझा टमाटा घालवतीस का?"

"आबा म्हणतात माझं काम बराबर सांग."

"त्यांचं काय जातंय? त्यांना टमाटं आवडत न्हाई."

अशा रीतीनं सुगत सत्याच्या बाजूनं निघाला, पण वाईट हेतूनं. आणि सुमनबाई खोट्याच्या बाजूनं निघाल्या, पण हेतू निदान भाजीइतका ताजा होता. ज्योत्स्नाला ज्याच्या बाजूला उभं राहावंसं वाटत होतं तो माणूस जाळीमागे घमेल्यावर बसला होता, आणि ज्याला फसवू नये असं वाटत होतं तो खुर्चीवर बसून तिला खुणेनं विचारत होता, पाणी हवंय का.

तेवढ्यात वीरभद्रअप्पा आले. मागोमाग फटाके, मागोमाग हार, मागोमाग सहा माणसं, जी कुठल्याही कार्यक्रमात असतात आणि कुणाचीच नसतात. वीरभद्रअप्पांनी बसता बसता विचारलं, "काय हाय आज? दवाखाना का?"

"अकॅडमी, अप्पा. जहाजाची."

"व्हा, व्हा. गरजच होती."

बुद्धवंदना झाली. दीप लागला, विझला, पुन्हा लागला. आनंदराजांनी हात वर केला. मडिवाळप्पानं डोळे मिटून दोरी ओढली.

जाळी पडली.

दोनशे माणसं तीन भट्ट्यांकडे बघत राहिली. भट्ट्या दोनशे माणसांकडे. कोठीच्या दारात घमेल्यावर आबा.

कुणी टाळी वाजवली नाही, कारण कशाला वाजवायची ते कळेना. मागून एक बाई नवऱ्याला म्हणाली, "होस्टेलचं सैपाकघर दिसतंय. भाकरी गरम मिळंल पोराला." पण अध्यक्षाला मत द्यावंच लागतं. वीरभद्रअप्पांनी चष्मा पुसला, तिन्ही तोंडं नीट न्याहाळली आणि माइकजवळ झुकून म्हणाले, "आनंदराज, अभिनंदन. शवदाहिनी काढली ते फार चांगलं केलं. वॉर्डातल्या लोकांची मागणी होतीच."

आनंदराजांचा रंग फलकावरच्या हातांसारखा झाला. पण तीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस. चुकीचं उत्तरसुद्धा फळ्यावर असं लिहायचे, की पोरं वहीत उतरवून घ्यायची. ज्योत्स्नाकडे वळून ते दातांतल्या दातांत म्हणाले, "म्हण, हे जहाजाचं हृदय आहे. अन् लगेच कप्तानावर ये. पान दुसरं."

ज्योत्स्ना माइकपाशी गेली. एका हातात चार पानं होती, दुसऱ्या हातात नल्ली. तिनं पान दुसरं उघडलं. त्यावर लिहिलं होतं, कॅप्टन रामकिशन जहाजाच्या ब्रिजवर उभे राहून वादळाला म्हणाले. काय म्हणाले ते तिला पुढं वाचवेना. तिनं वळून पाहिलं, मागे आबा मान खाली घालून बसले होते, वर्गात निकाल वाचतात तेव्हा पोरं बसतात तसे.

तिनं पानं खाली ठेवली.

"आगबोट रत्नप्रभा," तिनं नल्लीतून वाचलं. "रामकिशन सोनकांबळे, राहणार बिलोली. हुद्दा, कोळसेवाला. काम, अतिउत्तम. वर्तणूक, अतिउत्तम." पान उलटलं. "हुद्दा, कोळसेवाला. काम, अतिउत्तम." पान उलटलं. "हुद्दा..."

"छपाईची चूक आहे!" आनंदराज खुर्चीवरून ओरडले. "सरकारी वहीत छपाईची चूक झालेली आहे!"

"प्रत्येक पानावर?" सुगत मागून म्हणाला. त्यासाठीच तो नांदेडहून आला होता.

"तू गप रे!"

"दादा, हिंदी महासागराची खोली किती?"

"आन्या." आबा उठले होते. आन्या म्हणून त्यांना हाक मारणारा लातुरात दुसरा कुणी उरला नव्हता. आबा माइककडे गेले नाहीत. तिथूनच, भट्टीपुढे उभे राहून बोलले, आणि आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. बॉयलरपुढं बोलायची सवय लागलेला आवाज होता तो.

"कप्तान कोण व्हता, मला ठावं न्हाई. नऊ वर्षांत चार झाले म्हणं. एकाचंबी तोंड बघितलं न्हाई, त्यांनीबी माझं बघितलं नसंल. भरतीला गेलो तवा हापिसातल्या कारकुनानं गाव इचारलं, आडनाव इचारलं, अन् न इचारता लिवाया लागला, टोपस. टोपस म्हंजे बोटीवरचा झाडूवाला. म्या तीन वर्षांपूर्वी बापासंगं नागपूरला जाऊन दीक्षा घिऊन आल्यालो. म्हणलं, साहेब, झाडू सोडून काय हाय? त्यो म्हणला, कोळसा हाय, पण मरशील. म्हणलं, लिवा कोळसा."

आबांनी ज्योत्स्नाच्या हातातल्या नल्लीकडे बोट केलं.

"त्यानं टोपस खोडलं अन् कोळसेवाला लिवलं. आन्या, कप्तान तू मला दिलास. कोळसेवाला म्या घेतलाय."

आनंदराजांनी माइक मागितला आणि मिळाल्यावर तोंडापासून लांब धरला, त्यामुळे पहिल्या दोनच रांगांना ऐकू आलं.

"मास्तर एकेकाला उठवून विचारायचे, बाप काय करतो. पाटील, किराणा, तलाठी, असं चाललं होतं. तुम्ही तवा जिनिंगच्या बॉयलरवर. माझा नंबर दाराकडचा शेवटचा, चपलांच्या ढिगापाशी. मी म्हणलं, कप्तान." ते हसायला गेले, जमलं नाही. "दुसऱ्या दिवशी मला पहिल्या बाकावर बसवलं, आबा."

सुगतनं हातातला चहा खाली ठेवला.

बोलल्या त्या सुमनबाई. "मग मी बी सांगते," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "लगीन झाल्यावर पहिल्यांदा सुट्टीवर आले तवा यांच्या पाठीला साबण लावला. तीन दिस पाणी काळं निघालं. कप्तानाच्या पाठीचं निघत नसंल. मला ठावं व्हतंच की." आणि पदर सावरत, "टमाटा महाग झालाय आता. तसंबी ती टाकत न्हाई."

कार्यक्रम इथं संपला असं समजून वीरभद्रअप्पांनी आभार मानले, ते अध्यक्षानं मानायचे नसतात. चाळीसेक आईबाप उठले आणि जिन्याकडे निघाले. अकॅडमी चालू होण्याआधी बंद पडण्याचा लातुरातला हा विक्रम असावा.

पण अर्धापूरहून आलेली एक पोरगी, ज्ञानेश्वरी नावाची, बारावी झालेली, जिन्याकडे न जाता उलट भट्ट्यांकडे आली. बाप मागून "चल, गाडी चुकंल" म्हणत होता.

"आजोबा, आत जाऊन बघू का?"

"जा. डोकं सांभाळ."

ती उजव्या कोठीत शिरली. आत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा गुडघे सिमेंटनं पांढरे झालेले.

"आतून समुद्र कुठून दिसायचा?"

पासष्ट वर्षांत हा प्रश्न आबांना कुणी विचारला नव्हता. घरात त्यांना वादळांबद्दल विचारत, मग उत्तर मोठे पप्पाच देत.

"दिसायचा न्हाई," आबा म्हणाले. "ऐकू यायचा. पत्र्याला कान लावला की पल्याड समुद्र, अल्याड आपण, अन् मधी बोटभर लोखंड. राख फेकायला वर जायचो तवा थोडा दिसायचा. पर तवा डोळ्यात राख असायची."

"मला एस.टी.त उलटी होते. जमेल का?"

"मला नऊ वर्षं व्हत व्हती. गाडा सोडायचा, वकायचं, गाडा धरायचा. उलटीपायी भट्टी थांबत न्हाई."

पोरगी हसली. निघालेल्यांतले काही परत वळले. एकानं विचारलं, कोळसा संपला मधीच तर? दुसऱ्यानं विचारलं, जेवायला काय? आबा सांगत राहिले. पत्रिकेत त्यांना दोन मिनिटं होती. पाऊण तास झाला. वीरभद्रअप्पांचं अध्यक्षीय भाषण राहून गेलं आणि ते न ऐकताच माणसं तृप्त दिसत होती, हे ज्योत्स्नानं मनात नोंदवून ठेवलं.

आनंदराज खुर्ची ओढत ओढत जवळ आले होते. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "बावीस पावलं एका बाजूनं का येऊन-जाऊन?" आबा म्हणाले, "एका बाजूनं." एवढंच त्यांचं बोलणं झालं.

अर्ज घ्यायच्या टेबलावर आता कुणी नव्हतं, म्हणून ज्योत्स्नाच बसली. समोर ज्ञानेश्वरीचा बाप पेन धरून उभा. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. नाव, पत्ता, टक्के लिहून झाले. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. रकाना होता, वडिलांचा व्यवसाय.

बापानं इकडंतिकडं पाहिलं आणि आनंदराजांना खालच्या आवाजात विचारलं, "सर, मी दुसऱ्याच्या बागंत घड तोडतो, मजुरीनं. बागायतदार लिवलं तर चालंल का? पोरीला बरं पडंल."

आनंदराजांनी तोंड उघडलं. चालेल की, असं म्हणायची त्यांच्या जिभेला पन्नास वर्षांची सवय होती. ज्योत्स्नानं मान वर केली नाही. भट्टीपाशी आबा कुणाला तरी फावडं कसं धरायचं ते दाखवत होते, हातात फावडं नसताना.

"घड तोडता ना?" आनंदराज शेवटी म्हणाले. "मग तेच लिहा."